निम्मं चीन, निम्मं जपान

आमच्या बारामतीच्या बाजारात एक चिनी रेशीमवाला यायचा. त्याचं रेशीम इतकं गुळगुळीत असे की त्यावर बसलेली माशी घसरून पडायची. एका माशीचा पाय मोडलेला मी स्वतः पाहिला आहे. कुणाला हे पटत नसेल तर माझी तक्रार नाही. पण याच्या पुढं मी जे सांगणार आहे ते माशीच्या पायापेक्षा अवघड आहे, आणि ते दुर्दैवानं जसंच्या तसं घडलेलं आहे.

आमचं शिलाईचं दुकान बाजाराच्या कडेला होतं. दुकान म्हणजे चार मेढी, वर पत्रा, खाली फळ्या आणि एक मशीन. मशीन इतकं जुनं की ते चालू झालं म्हणजे पलीकडच्या स्टेशनात दौंडची गाडी सुटली असं वाटून लोक पिशव्या उचलून पळायचे. वडील कापायचे आणि मी शिवायचो. सगळा बाजार वडलांना तात्या म्हणायचा, म्हणून मीही तात्याच म्हणायचो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, हात मशीनवर आणि तोंड बाजारभर.

चिनी आमच्या फळीला लागून बसायचा. तो पुण्याहून मोटारीनं इंदापूरला उतरायचा, सायकल मोटारीच्या टपावर. इंदापूरचा बाजार झाला की तीच सायकल मारत बारामतीला. मागं बांधलेलं गाठोडं म्हशीच्या रेडकाएवढं. काटेवाडीची कुत्री आधी त्याच्यावर भुंकत, नंतर नंतर त्याला शिवेपर्यंत पोचवायला जायला लागली. सगळ्या उन्हाळ्यात त्याच्या अंगावर तोच एक निळा डगला असायचा आणि त्याला घाम म्हणून येत नसे. बायका म्हणत, हा माणूसच रेशमाचा हाय.

मराठी तो बायकांकडून शिकला होता. दुसऱ्या कुणाशी त्याचा व्यवहारच नव्हता. त्यामुळं झालं होतं असं की तो बोलायचा ते बाईमाणसासारखं. "अगं बया, म्हाग न्हाय गं, हात लावून बग, मी काय तुला फसवते व्हय?" असं म्हणत तो काटेवाडीच्या एखाद्या धिप्पाड कारभारणीसमोर तुकडा झटकायचा आणि ती पदर तोंडाला लावून हसता हसता विकत घ्यायची. तात्यांनी एकदा सांगून पाहिलं, "पाव्हणं, गड्यानं असं बोलू न्हाई." तो म्हणाला, "तात्या, गडी कुटं रेशीम घेतो? मी बाईलाच विकते." धंद्याचं शास्त्र त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्याच्याकडं तुकडे असायचे, आणि एक तुकडा म्हणजे बरोबर एक पोलकं. त्यात बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही. बाईनं तुकडा घेतला की तो तिला आमच्या फळीकडं वळवायचा आणि तात्या लगेच अंगावरचं माप घ्यायचे. लग्नसराईत आमच्या निम्म्या शिलाईला त्याच्या रेशमाचा आधार होता आणि त्याच्या गिऱ्हाइकाला आमच्या टिपेचा. कधी करार झाला नाही. सकाळी तो यायचा, आपलं पटकुर आमच्या फळीला लावून अंथरायचा, तात्या त्याला चहाचा निम्मा कप द्यायचे, आणि झाला धंदा सुरू.

चीन-जपानची लढाई जुंपली आणि त्याच्या घरची खुशाली यायची बंद झाली. गावी बायको होती, दोन मुली होत्या. जपानी फौज त्या बाजूला उतरली होती. तो त्याबद्दल फारसं बोलायचा नाही, पण एका बाजाराला त्यानं गाठोडं सोडलं तेव्हा ते नेहमीच्या दुप्पट होतं. म्हणाला, होतं नव्हतं ते सगळं घालून माल उचलला. या लग्नसराईत हे विकलं की बोटीचं भाडं. जायचं, तिघींना घेऊन यायचं, आणि पुण्यात खोली करून राहायचं.

"मी त्यांना आणते, तात्या," तो म्हणाला, "मग माजी बायको हितं बसंल. ती तुकडे इकंल, मी मराठी गडी होऊन बोलीन."

तात्या खळखळून हसले. त्या वर्षीचं त्यांचं ते शेवटचं तसं हसणं.

आमच्या दुकानात रोज सकाळी शाळेतले एक मास्तर पेपर वाचायला यायचे. त्यांच्या घरी पेपर येत असे, पण घरी ऐकायला कुणी नव्हतं. ते एके दिवशी म्हणाले, "जपानचं म्हणणं असं आहे, तात्या, की पूर्वेकडच्या शेजाऱ्यांनी मिळून व्यापार करावा. एकाचा कच्चा माल, दुसऱ्याचा कारखाना. परक्या गोऱ्याला त्यात घ्यायचंच नाही. सहकार!"

"मंग चांगलंच हाय की," तात्या म्हणाले.

"त्यासाठीच त्यांनी चीनमध्ये फौज घातली आहे."

तात्यांनी कात्री खाली ठेवली. "म्हंजे आमच्या कालव्याकडंला चालतो तसला सहकार. शेजाऱ्याचा बांध कोरायचा, आन् तो वरडला की म्हणायचं, आरं, मिळून पिकवू की!"

यावर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. चिनी शेजारीच बसला होता. मास्तरांनी त्याला विचारलं, तुझं रेशीम चीनचं की जपानचं? आता हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता, आणि विचारला तर लपवावं असं त्याच्या डोक्यात नव्हतं. त्यानं एक तुकडा गुडघ्यावर पसरला आणि समजावून सांगितलं. किडा आमच्या गावचा. सासरा किडे पाळतो, कोश विकतो. सूत आमच्या बायका काढतात. ते सूत जपानचा व्यापारी नेतो, माग त्याचा, रंग त्याचा. कापड होऊन बोटीत बसतं आणि मुंबईला उतरतं. माझ्या बापाच्या वेळेपासून असंच आहे. त्याला सूत लागतं, आम्हाला माग लागतो. तोही खायचा, आम्हीही खायचो.

"आन् आता?" तात्यांनी विचारलं.

"आता तो समदं खातो गं बया," चिनी म्हणाला, आणि तुकड्याची घडी घालायला लागला.

त्या दिवशी मला ते साधं वाटलं. आमच्याकडं तरी दुसरं काय होतं? ऊस बारामतीच्या पाटाचा, गूळ करायला गुळव्या कोल्हापूरकडचा, ढेपा विकणारा अडत्या पुण्याचा, आणि खाऊन वर नावं ठेवणारा इंदापूरचा. कुणी विचारलं नाही की ही ढेप कुणाची. गोड लागली की झालं.

पण विचारायचे दिवस आले. चीनवर अन्याय झाला, जपानी माल घेऊ नका, अशी हवा देशभर होती आणि ती रास्तच होती. आमच्याकडंही कमिटी झाली. कमिटीचे अध्यक्ष झाले बाजारातले सगळ्यांत मोठे कापडवाले शेठजी. त्यांच्या दुकानात जपानी कापड इतकं होतं की जपानच्या राजाला धोतर कमी पडलं असतं तर त्यानं बारामतीला माणूस धाडला असता. ठरलं असं की पुढच्या बाजाराच्या दिवशी मैदानात जपानी मालाची होळी करायची आणि त्याच सभेत चीनच्या मदतीला पैसे जमवायचे.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी शेठजींचा नोकर आमच्याकडं तागे घेऊन आला. एक खेप, दोन खेपा, मग हातगाडीच. म्हणाला, "शेठ म्हणत्यात, काठ जाड हायत, शिवताना आड येत्यात. कापून द्या. आन् पट्ट्या चुलीत घाला." तात्यांनी एका ताग्याचा काठ बोटानं चाचपला. काठ जाड नव्हता. काठावर जपानचा छाप होता. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी तात्यांकडं पाहिलं. शेठजींच्या दुकानातून आमच्याकडं वर्षभराचं शिलाईकाम यायचं. तात्यांनी कात्री उचलली. त्या संध्याकाळी आमच्या चुलीवरच्या भाकरीला जपानी धुराचा वास होता, आणि ही अतिशयोक्ती नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना मैदानात मोठा ढीग झाला. घरोघरची खेळणी, फुटकी कपबशी, रबरी बूट, बांगड्या, एका घरातून तर नको झालेली सवतीची साडी. शेठजींनीही एक पेटी दिली, तिच्यात उंदरांनी खाल्लेला माल होता. दुकान त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं. या आणि तपासा! लोकांनी तपासलं. एकाही ताग्यावर छाप नाही. लोकांनी शेठजींचा जयजयकार केला.

मग कुणीतरी म्हणालं, "त्या जपान्याचं गाठोडं आना की!"

जपानी म्हणजे आमचा चिनी. इतकी वर्षं बाजारात बसला, पण बारीक डोळ्यांच्या माणसाला चीन आणि जपान असे दोन देश असतील हे निम्म्या बाजाराच्या डोक्यात शिरलं नव्हतं. दोघा पोरांनी गाठोडं उचललं, चिनी त्यांच्या मागं पळाला, तात्या चिन्याच्या मागं आणि मी तात्यांच्या मागं. मी ओरडत होतो, "आरं येड्यांनो, त्यो चिनी हाय! चीनसाठी सबा भरवली आन् चीनलाच पेटिवताय व्हय?"

लोक हसले. मी बोललो की हसायचं, ही बाजाराची जुनी सवय. ती मीच लावलेली.

गाठोडं सोडलं. तुकड्यांच्या काठावर छाप होते. त्यानं ते कापले नव्हते, कारण काठ कापला की तुकडा बोटभर कमी भरतो, आणि बाईला बोटभर कमी देणं त्याला जमत नव्हतं. शेठजींनी एक तुकडा उंच धरला. "वाचा मास्तर." मास्तरांनी वाचलं. मैदानात आरोळी उठली.

चिनी मधे उभा राहिला. "मी खोटं बोलत न्हाय गं बया," त्यानं शेठजींपुढं हात जोडले. "सूत आमचं हाय. माग तेचा हाय. मी चिनी हाय. माजं घर जपाननं जाळलं आसंल, मला ठावं बी न्हाय."

पण "गं बया" म्हटल्याबरोबर जो हशा पिकला त्यात पुढचं वाक्य कुणाच्या कानात गेलं नाही. एकजण त्याची नक्कल करून कंबर हलवायला लागला. "अगं बया, माजं रेशीम गं!" माणूस रडत होता आणि पाचशे लोक, कदाचित पाच हजार, पोट धरून हसत होते.

तात्या पुढं झाले. "शेठजी, काठावर छाप आसला म्हंजे..."

"बोला की तात्या," शेठजी गोड आवाजात म्हणाले. "काठाचं काय म्हणताय? मी आत्ताच इचार करत हुतो, यंदाचं लग्नसराईचं शिवणाचं काम कुणाकडं टाकावं."

तात्यांचं वाक्य तिथंच राहिलं.

तेवढ्यात म्हातारे पाटील, सगळ्या बाजाराचे आबा, उठले. आमच्या भागात भांडण मिटवायचं तर पाटीलच मिटवायचे, आणि त्यांचा न्याय एकच: निम्मं-निम्मं. बांध, विहिरीची पाळी, आंब्याचा माल, काहीही असो. दोन भावांच्या वाटणीत त्यांनी घराच्या दाराच्या दोन फळ्यासुद्धा वाटून दिल्या होत्या. तेव्हापासून त्या घरात कुत्रं शिरलं तरी ते कुणाच्या फळीनं शिरलं यावर भांडण व्हायचं. पण पाटील लबाड नव्हते. त्यांना खरंच चिन्याची दया आली होती. शेठजींना सगळं गाठोडं जाळायचं होतं, आणि ते वाचवायला म्हाताऱ्यानं काठी आपटली.

"थांबा. त्यो काय म्हणला? सूत चीनचं, माग जपानचा. म्हंजे माल दोगांचा. मंग समदं जाळणं ह्यो अन्याव हाय. निम्मं जाळायचं, निम्मं त्येला द्यायचं."

चिन्याच्या तोंडावर जीव आला. तो खाली बसून भराभर तुकडे मोजायला लागला. एवढे इकडं, एवढे तिकडं. "हे जाळा, हे जाळा, आबा, हे बी घ्या..."

"आसं न्हाय," पाटील म्हणाले. "ह्या ढिगात बी जपान हाय आन् त्या ढिगात बी जपान हाय. तूच म्हणलास, परतेक तुकडा दोगांचा. मंग परतेक तुकडा निम्मा झाला पायजे. न्याव म्हंजे न्याव."

लोकांना हे फार पटलं. माना डोलल्या. असा बारीक न्याय पुण्याच्या कोर्टात मिळत नाही, असं कुणीतरी म्हणालं, आणि खरोखरच मिळत नाही.

"आबा, एक तुकडा म्हंजे एक पोलकं," तात्या म्हणाले. आवाज फाटका आला. "निम्मा क्येला तर फुडा हाय आन् पाट न्हाय. त्येचं काय हुनार?"

"ते त्येचं त्यो बगंल. निम्मं हातात ऱ्हातंय का न्हाय? शेठ तर समदं जाळाय निघाला हुता." पाटलांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तात्या, तुमचा हात सरळ हाय. दुसऱ्या कुणी कापलं तर वाकडं-तिकडं हुईल. गरिबाचं नुस्कान नगं."

मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकले. कालवा फुटलेला ऐकला, गुऱ्हाळाची काहील उलटलेली ऐकली. पण चांगल्या कात्रीनं रेशीम कापताना जो आवाज होतो, तो जवळजवळ होतच नाही, तो मला अजून ऐकू येतो. तात्या मांडी घालून बसले. चिनी त्यांच्यासमोर बसून एकेक तुकडा दोन्ही हातांनी ताणून धरत होता, रोज धरायचा तसाच, कात्री सरळ जावी म्हणून. दोघांनी एकदाही एकमेकांकडं पाहिलं नाही. एक निम्मा आगीकडं, एक निम्मा गाठोड्याकडं. रेशीम जळताना केसासारखा वास येतो. लोकांनी नाकाला धोतराचे सोगे लावले आणि "भारतमाता की जय" म्हणाले.

यानंतर चीनच्या मदतीचा डबा फिरला. डबा घेऊन फिरणारा पोरगा नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं तो चिन्याच्याही पुढं धरला आणि खुळखुळवला. चिन्यानं डब्यावरचा कागद पाहिला, डगल्यात हात घातला आणि जे निघालं ते आत टाकलं. पोरगा म्हणाला, "चीनच्या वतीनं आभार."

सभा संपली तरी गर्दी हलली नाही. का हलेल? निम्मे तुकडे उघडे पडले होते, आणि आता त्यांच्यात जपान नव्हता. पाटलांनी न्याय करून निव्वळ चिनी माल काढून दिला होता. पहिली बाई पुढं आली ती कुंचीला कापड बघायला. "ह्याची कुंची हुईल की ल्हान पोराची. काय घेनार?" चिन्यानं बोटांनी भाव दाखवला. "अगं बया, येवढं? निम्मंच तर हाय!" दुसरी आली, तिसरी आली. पोलक्याच्या तुकड्याला ज्या बायका हसत पैसे मोजायच्या, त्याच आता निम्म्याला निम्मा भावही द्यायला तयार नव्हत्या. निम्मा माल, मग निम्म्याचा निम्मा भाव. आणि तोंडानं म्हणत होत्या, चीनला तेवढीच मदत. शेठजींच्या घरची कारभारीणही होती. तिनं सगळ्यांत जास्त घासाघीस केली. नातवाच्या बारशाला तिला पाच कुंच्या करायच्या होत्या.

चिनी विकत राहिला. तो दुसरं काय करणार? ते परत पुण्याला नेऊन कोण घेणार? पण तोंडानं तो एक शब्द बोलला नाही. "हात लावून बग" नाही, "गं बया" नाही. बायका बोलायच्या, तो मान हलवायचा.

उजेड असेपर्यंत गाठोडं संपलं. बोटीचं भाडं सोडा, इंदापूरहून पुण्याच्या मोटारीचं तिकीट कसंबसं निघालं असेल. तात्या चहाचा कप घेऊन उभे होते, या वेळी भरून. चहावर साय धरली. चिन्यानं सायकल सरळ केली, मागची दोरी गुंडाळून डगल्याच्या खिशात ठेवली. रिकाम्या सायकलीवर त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो. तो इतका बारीक होता हे कधी लक्षातच आलं नव्हतं. तात्या म्हणाले, "पाव्हणं, फुडल्या बाजाराला..."

"तात्या, मी जातो," तो म्हणाला.

गड्यासारखं बोलला. तेवढंच त्याचं शुद्ध मराठी मी ऐकलं.

त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मी मोठमोठ्या गप्पा मारणारा माणूस, मनात आणलं तर त्याला बोटीवर चढवीन, तिघी भेटल्या म्हणीन, पुण्यात खोली करून देईन. एका बैठकीचं काम आहे. पण या एका माणसाबद्दल थाप मारायला गेलो की जीभ उचलत नाही. इंदापूरला मुद्दाम जाऊन चौकशी केली. तिथले लोक म्हणाले, "त्यो जपानी व्हय? न्हाय आला परत." त्यांना वाटलं, आमच्या बाजारात चोरी करून पळाला.

शेठजींकडचं शिलाईकाम आम्हाला मिळालं. त्या लग्नसराईत मशीन इतकं चाललं की चाकाला धूर यायचा. पाच रेशमी कुंच्याही आमच्याकडंच आल्या. तात्यांनी त्या शिवल्या, घडी घातली, दिल्या. टीप एका ठिकाणीही चुकली नाही.

आमच्या फळीशेजारची चिन्याची जागा बाजाराच्या दिवशी रिकामी राहायची. सकाळी आल्या आल्या तात्या तिथं आपलं एक पोतं अंथरून ठेवायचे, आणि मी विचारलं तर म्हणायचे, "वाळू घातलंय." असे किती बाजार गेले ते मी मोजले नाहीत. मग एकदा सांगवीचा एक पेरूवाला डोक्यावर पाटी घेऊन आला. बाजार गच्च भरला होता. तो आमच्यापुढं थांबला.

"तात्या, हितं कोन बसतं?"

तात्यांनी कापडावरची नजर काढली नाही. कात्री चालू होती. ती तागा संपेपर्यंत चालली.

"कुनी न्हाय," ते म्हणाले. "बस."

मग वाकून त्यांनी पोतं ओढून घेतलं.